आजीचा जुना फोटो: ॲप की स्टुडिओ?

अमळनेरच्या मामेभावाला प्रश्न पडलाय: आजीचा चिरा पडलेला, पिवळट फोटो मोबाइलच्या एआय ॲपवर सुधारायचा, की जळगावात स्टुडिओवाल्याकडून फोटोशॉपवर?

खर्च आणि वेळ पाहिला तर ॲपच पुढे. स्टुडिओवाला खराबी बघून पैसे सांगतो, दोन-चार दिवसही लावतो.

खरेपणाचं काय? ॲप पुसट भाग अंदाजाने नव्याने रचतं. आजीच्या कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसलं जाऊ शकतं, सुरकुत्या जातात, डोळे भलत्याच बाईचे होतात. हे मला अजिबात पटत नाही. स्टुडिओवाल्याशेजारी बसून सांगता येतं, ‘भाऊ, चिरा भरा, गोंदणाला हात लावू नका.’

काहीही करा, आधी मूळ फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके, इतक्या बारकाईने) स्कॅन करून ठेवा.

व्हॉट्सॲपवर पाठवायला ॲप चालेल, फक्त खाली ‘एआयने सुधारलेला’ लिहा. भिंतीवर लावायचा असेल तर स्टुडिओच.