माऊस विकत आणावा की फोनवरच भागवावं?

लॅपटॉपचं टचपॅड रुसलंय. किंवा जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडलाय आणि पॉज करायला दर वेळी सोफ्यावरून उठावं लागतंय. ठाण्यात स्टेशनजवळच्या कुठल्याही दुकानात पाच-सहाशेत साधा वायरलेस माऊस मिळतो. मग फोनचा माऊस-कीबोर्ड करण्याचा खटाटोप कशाला? माझं मत आधीच सांगतो: टेबल-खुर्चीवर बसून काम करायचं असेल तर माऊस आणा, सोफ्यावरून किंवा स्टेजवरून चालवायचं असेल तर फोन पुरतो.

फोनचं ठरलं तर त्यात दोन प्रकार आहेत. पहिला वाय-फायचा. केडीई कनेक्ट, युनिफाइड रिमोट, रिमोट माऊस ही त्यातली नेहमीची नावं. फोनवर अ‍ॅप आणि कॉम्प्युटरवर त्याचा जोडीचा प्रोग्राम, दोन्ही टाकावे लागतात आणि दोघं एकाच नेटवर्कवर लागतात. सगळं नीट टाकूनही फोनला कॉम्प्युटर दिसत नसेल, तर बहुतेकदा विंडोजने घरचं वाय-फाय ‘पब्लिक’ धरलेलं असतं आणि फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा विंडोजचा पहारेकरी, वाट अडवते. ते ‘प्रायव्हेट’ केलं की गाडी सुरू. कॉलेज-ऑफिसच्या गेस्ट वाय-फायवर मात्र एका डिव्हाइसला दुसरं सहसा दिसूच देत नाहीत, तिथे डोकेफोड करू नका.

दुसरा प्रकार ब्लूटूथचा. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून अ‍ॅपच्या मदतीने फोन स्वतःच ब्लूटूथ कीबोर्ड असल्याचं भासवू शकतो. कॉम्प्युटरवर काहीही टाकावं लागत नाही, वाय-फायही नको. आयफोनवर अशा अ‍ॅपना परवानगी नाही, त्यामुळे आयफोनवाल्यांनी वाय-फायचाच रस्ता धरावा. आणि असेंबल केलेल्या डेस्कटॉपला ब्लूटूथ आहे का, हे आधी बघा. बऱ्याचदा नसतं.

आता आपल्या कामाची गोष्ट, मराठी टायपिंग. ब्लूटूथ कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कुठली कळ दाबली एवढंच कळवतो. त्यामुळे फोनच्या मराठी कीबोर्डवरून लिहिलेलं पलीकडे पोचत नाही. कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी लावली तर उमटतं, पण मग ‘के’ दाबल्यावर ‘क’ आला तरी ‘एच’ दाबल्यावर ‘प’ येतो. इन्स्क्रिप्ट बोटांत बसलेलं असेल त्यांचं ठीक, बाकीच्यांची त्रेधा. वाय-फायवर हा प्रश्न सोडवता येतो. फोनवर मराठीत बोलून वाक्य उमटवायचं, कॉपी करायचं, केडीई कनेक्टमधून क्लिपबोर्ड पाठवायचा आणि कॉम्प्युटरवर पेस्ट करायचं. सोसायटीच्या नोटिसा लिहिणाऱ्या सेक्रेटरींनी हे एकदा करून पाहावंच. नुसत्या कीबोर्डवर ही सोय नाही.

कार्यक्रमातही फोनच सरस. घंटाळीच्या सहयोग मंदिरासारख्या हॉलमध्ये स्लाइड दाखवायच्या असतील, तर लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. दोघांतलं बोलणं आपसातच होतं, त्याला डेटा लागत नाही. केडीई कनेक्टमध्ये आवाजाच्या बटणांनी स्लाइड पुढे-मागे करता येतात, म्हणजे नजर श्रोत्यांवर ठेवता येते. फक्त फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेल्या भाषणात आत्याचा कॉल यायचा.

पण हाच फोन एक्सेलमध्ये घेऊन बसा, अर्ध्या तासात जीव मेटाकुटीला येतो. काचेला ना कड, ना उठाव. बोट कुठे आहे हे बघायला सारखी मान खाली घालावी लागते. सेल पकडून खाली ओढायचा, उजवं क्लिक करायचं, बारीक कोपरा धरायचा, ही कामं माऊसवर न बघता होतात. शिवाय फोनचा स्क्रीन सतत चालू, म्हणजे बॅटरी उतरणार. माऊसमध्ये एक सेल घातला की महिनोन्महिने बघावं लागत नाही. वाय-फायवाला प्रोग्राम साधारणपणे लॉगिन झाल्यावरच सुरू होतो, त्यामुळे पासवर्ड टाकायला फोन उपयोगाचा नाही. यूएसबी डोंगलवाला कीबोर्ड मात्र तिथेही चालतो आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्येही.

सुरक्षेचं थोडक्यात. 2021 मध्ये रिमोट माऊसच्या विंडोज प्रोग्राममध्ये गंभीर त्रुटी उघड झाल्या होत्या. कुठलंही अ‍ॅप घ्या, पासवर्ड लावा आणि काम झालं की कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम बंद करा. केडीई कनेक्ट आधी जोडी जुळवून घेतं आणि पुढची देवाणघेवाण एन्क्रिप्ट करतं, म्हणजे तिसऱ्याला वाचता येणार नाही अशी ठेवतं, शिवाय ते फुकट आणि मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही तपासता येतो. माझी पसंती त्यालाच.

घरात आजी-आजोबा तोच टीव्ही बघत असतील तर हिशोब बदलतो. तुम्ही सकाळी फोन खिशात घालून लोकल पकडलीत की घरचा रिमोटही तुमच्याबरोबर गेला. अशा घरी टचपॅडवाला छोटा वायरलेस कीबोर्ड आणून टीपॉयवर ठेवणं बरं.

आणि टेबलासाठी माऊस आणलात तरी फोनचं अ‍ॅप आजच जोडून ठेवा. माऊस मेल्यावर हे सगळं इन्स्टॉल करायला माऊसच लागतो. तशी वेळ आलीच तर विंडोजमध्ये डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, येणाऱ्या खिडकीत एंटर मारा. मग कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांनी बाण हलतो आणि पाचच्या कळीने क्लिक होतं.