चांदी अस्सल, नाणं नकली

प्राचीन ग्रीक नाणी जमवणाऱ्याला कधी ना कधी अथेन्सचं ‘घुबड’ हवंच असतं. एका बाजूला अथेना देवी, दुसरीकडे घुबड, ऑलिव्हची डहाळी, चिमुकली चंद्रकोर आणि शहराच्या नावाची तीन अक्षरं. चार द्राख्मांचं हे नाणं भरतं साधारण १७.२ ग्रॅम. मला ते जर्मनीतल्या एका नाणे-मेळ्यात मिळालं. विक्रेता म्हणाला, ‘आजोबांच्या संग्रहातलं आहे.’ सोबत शिक्का मारलेलं, फोटो चिकटवलेलं प्रमाणपत्र.

वजन बरोबर होतं. पुण्यात आल्यावर ओळखीच्या सोनाराने कस लावून पाहिला. चांदी उत्तम निघाली. नकली नाणी बनवणाऱ्यांची खरी मेख इथेच आहे. चांदीचा भाव नाण्याच्या किमतीपुढे काहीच नसतो, मग त्यांनी चांदीत कंजुषी कशाला करावी?

घुबडाच्या पाठीमागे छिन्नीचा एक घाव होता. आत तांबं तर नाही ना, हे बघायला त्या काळी असे घाव घालत. (इ.स.पू. ३७५च्या सुमाराला अथेन्सने कायदा करून बाजारात सरकारी पारखी बसवला होता; खोटं नाणं तो तिथल्या तिथे कापायचा.) हा घाव मी विक्रेत्याच्या तोंडून ‘अस्सलपणाचा पुरावा’ म्हणून ऐकला होता. पुढे एका जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दुसरं घुबड दिसलं. घाव त्याच जागी, तेवढाच लांब, आणि कडेची चीरसुद्धा तीच. एका ठशातून शेकडो नाणी पडतात, पण छिन्नी दोन नाण्यांवर केसाचाही फरक न करता कशी पडेल? कुणीतरी खऱ्या नाण्याचा साचा घेऊन माझं ओतलं होतं. भिंगाखाली घावाच्या कडा मेणासारख्या गुळगुळीत दिसल्या, आणि नाण्याच्या काठावर कानशीचे बारीक समांतर ओरखडे. साच्याचा सांधा घासून काढलेला.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘प्रमाणपत्रात “माझ्या मते” असं लिहिलंय, नीट वाचा.’ त्यानंतर फोन बंद. मेळ्याच्या आयोजकांनीही हात झटकले.

तेव्हा प्रमाणपत्राला भुलू नका. बिलावरच ‘अस्सल, नकली ठरल्यास कधीही पूर्ण पैसे परत’ असं लिहून मागा. आढेवेढे घेतले तर पुढच्या टेबलाकडे वळा. आणि तुर्कस्तानात अवशेषांजवळ कुणी ‘शेतात सापडलं’ म्हणून नाणं पुढे केलं, तर हातही लावू नका. नकली असेल तर पैसे बुडाले. अस्सल असेल तर ते देशाबाहेर नेणं तिथे गुन्हा आहे.