सत्तर डॉलरचा ट्रेल कॅमेरा आणि ओढ्याकाठचा माउंटन लायन

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात आमच्या घरामागे ओकची झाडी असून तिच्यातून एक ओढा वाहतो. गेल्या सप्टेंबरात शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी, संध्याकाळी कुत्र्याला फिरवून परतताना त्या ओढ्याकाठी माउंटन लायन (म्हणजे कूगर, अमेरिकेतले एक मोठे रानमांजर) पाहिल्याचे सांगितले आणि त्या दिवसापासून आमच्या गल्लीत दोन तट पडले. मी न मानणाऱ्यांच्या तटात होतो. पण नुसते ‘नाही’ म्हणत राहणे शेजारधर्माला शोभेना, म्हणून सुमारे सत्तर डॉलरचा ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधला की समोरून जाणाऱ्या प्राण्याचे चित्र आपोआप घेणारा कॅमेरा, विकत घेतला. आठ महिन्यांच्या वापरानंतरचा हा अभिप्राय आहे. निर्मात्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचे गुणदोष थोड्याफार फरकाने हेच असतात.

शेजाऱ्यांचा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे आधी सांगायला हवे. ११ जून २०११ रोजी याच राज्यात, मिलफर्डजवळच्या विल्बर क्रॉस पार्कवेवर, मोटारीच्या धडकेने सुमारे ६३ किलो वजनाचा एक नर माउंटन लायन मेला. कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटला असेल, असा पहिला तर्क होता. परंतु डीएनए तपासणीत त्याचे मूळ साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये निघाले. तिथून इथवर तो २,४०० किलोमीटरहून अधिक चालला होता. मात्र या घटनेतला माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग वेगळाच आहे: वाटेत मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये त्याची विष्ठा व केस सापडले होते, विस्कॉन्सिनमध्ये तो कॅमेऱ्यांतही टिपला गेला होता आणि न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जजवळही त्याचे केस मिळाले होते. नुसत्या वाटसरू प्राण्याचा एवढा माग लागत असेल, तर इथे वर्षानुवर्षे नांदणाऱ्या कुटुंबाचा मुळीच लागू नये, हे पटत नाही. पूर्वेकडचा कूगर नामशेष झाल्याचे मान्य करून सरकारने २०१८ मध्ये त्याला संरक्षित यादीतून वगळले ते उगाच नव्हे. उलट मिशिगनच्या उत्तर भागात २०२५ च्या मार्चमध्ये एका नागरिकाने काढलेली दोन पिल्लांची छायाचित्रे तिथल्या वनसंपदा खात्याने खरी ठरवली. छायाचित्र चांगले असेल तर सरकारी खातेही ऐकते.

आता कॅमेऱ्याविषयी. हे यंत्र उष्णता आणि हालचाल एकत्र जाणवली की जागे होते आणि रात्री अवरक्त प्रकाशात कृष्णधवल चित्र घेते. पहिल्या पंधरवड्यात मेमरी कार्ड भरले ते उन्हात तापून वाऱ्यावर डोलणाऱ्या नेच्याच्या चित्रांनी. कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे केले, समोरचा नेचा कापला, खोडावरचा पट्टा गुडघ्याच्या उंचीवर आणला आणि मगच हरणे, रकून आणि एक लंगडा कोल्हा दिसू लागला. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या कडाक्याच्या थंडीत आठवडाभरात मान टाकतात. लिथियमच्या घातल्यावर मार्चपर्यंत बघावे लागले नाही. माहितीपत्रकात झटपट प्रतिसादाचे आश्वासन आहे, प्रत्यक्षात प्राणी चौकटीत शिरल्यावर चित्र निघेपर्यंत जवळजवळ एक सेकंद जातो. तक्रार केली, तर सेवा विभागाने तीच माहितीपत्रिका पुन्हा पाठवली.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांच्या चित्रात भिंगाच्या अगदी पुढ्यात एक भरदार मांजरवर्गीय प्राणी उभा होता. पाठ चौकटीच्या वरच्या कडेला टेकलेली, डोळे पांढरे चमकणारे. शेजाऱ्यांनी ते चित्र संपूर्ण गल्लीला दाखवले. काही काळ मीही गप्प झालो. पण सुरुवातीलाच मी भिंगापासून तीन मीटरवर, दहा-दहा सेंटीमीटरचे काळे-पांढरे पट्टे रंगवलेली एक खुंटी ठोकून ठेवली होती, आणि एका वेळी तीन चित्रे घेण्याची सोयही चालू होती. दुसऱ्या चित्रात प्राणी खुंटीशी पोचला होता आणि त्याचा खांदा पाचव्या पट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे पंचेचाळीस सेंटीमीटरवर होता. तिसऱ्यात तो जवळजवळ निघून गेलेला, चौकटीत उरलेले फक्त ढुंगण आणि आखूड शेपटी, टोकाशी वरून काळी, खालून पांढरी. तो बॉबकॅट, म्हणजे माउंटन लायनहून बराच लहान असा रानमांजराचा प्रकार होता. माउंटन लायनची शेपटी लांब, जाड आणि मागच्या पायांपर्यंत लोंबणारी असते. ज्या उशिरा प्रतिसादाबद्दल मी वैतागलो होतो, त्यामुळेच ती शेपटी मिळाली, हे कबूल केले पाहिजे. सकाळी बर्फात पाऊलखुणाही पाहिल्या: नखांचा मागमूस नसलेल्या, जेमतेम पाच सेंटीमीटर रुंद. माउंटन लायनचा ठसा साधारण आठ-नऊ सेंटीमीटरचा असतो.

माझे बालपण जुन्नर तालुक्यात, उसाच्या फडांशेजारी गेले. तिथे बिबट्या आहे की नाही असा वाद कधी ऐकला नाही. आज तो कोणाच्या फडात आहे, एवढाच प्रश्न असे. कदाचित म्हणूनच मला ‘दिसला’ या शब्दाआधी ठसा लागतो.

तर मत असे: ‘माउंटन लायन शोधण्यासाठी’ म्हणून हा कॅमेरा घेऊ नये, पण दिसलेल्या प्राण्याचे माप घेण्यासाठी जरूर घ्यावा, आणि सोबत मोजपट्टीची खुंटी ठोकावी, कारण अंधारात आणि जवळून कोणतेही मांजर मोठेच दिसते. जोडण्याची सोपी रीत आणि चित्रांची स्पष्टता यांसाठी पाचपैकी साडेतीन तारे. उरलेला दीड तारा उशिरा प्रतिसादासाठी आणि सेवा विभागासाठी कापला.

शेजाऱ्यांचे म्हणणे अजून बदललेले नाही. त्यांनी पाहिलेला प्राणी ओढ्याच्या पलीकडे होता, असे ते आता सांगतात. मे महिन्यात आम्ही कॅमेरा पलीकडे हलवला. तिथली खुंटी त्यांनीच रंगवून दिली.