वृद्धनिवासातील खेळातून व्यायामाची सेवा : तीन महिन्यांचा अनुभव

माझी आई ज्या वृद्धनिवासात राहते, तेथे गेल्या तीन महिन्यांपासून एक प्रशिक्षिका आठवड्यातून दोनदा येतात आणि पाऊण तास रहिवाशांकडून खेळांच्या माध्यमातून हालचाली करून घेतात. यांपैकी चौदा सत्रे मी स्वतः बसून पाहिली असून काहींमध्ये आईच्या शेजारची खुर्ची घेऊन भागही घेतला आहे. आपल्या घरातील वृद्ध व्यक्तीसाठी अशी सेवा निवडावी की नाही, या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

यापूर्वी तेथे रोज सकाळी सामूहिक व्यायाम होत असे. ‘हात वर, हात खाली’ अशा सूचना सुरू झाल्या की आई डोळे मिटून झोपेचे सोंग घेई. एकदा मी आग्रह केला, तेव्हा ती म्हणाली, “या वयात मला शाळेत घातलंय का?” तिच्या नकारामागे आळस नव्हता. ज्या हालचालीला काही हेतूच दिसत नाही, ती दुसऱ्याच्या हुकमावर करणे तिला अपमानाचे वाटत होते आणि हे समजायला मला बराच वेळ लागला.

नव्या सेवेच्या पहिल्या सत्रात खुर्च्या गोलाकार मांडून मध्ये एक मोठा फुगा सोडण्यात आला. तो आईच्या दिशेने तरंगत आला आणि जो उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही असे ती फिजिओथेरपिस्टना दर आठवड्याला सांगत होती, तोच हात कपाळापर्यंत उचलून तिने फुगा पलीकडे टोलवला. फुगा हलका असल्यामुळे लागत नाही, आणि चेंडूपेक्षा पुष्कळ सावकाश येत असल्यामुळे नजरेला त्याचा अंदाज घ्यायला व हाताला निघायला अवधी मिळतो. शिवाय खेळणाऱ्याचे लक्ष दुखऱ्या सांध्यावर न राहता फुग्यावर राहते. बाजूने आलेला फुगा गाठण्यासाठी धड वळवावे लागते, शरीराचा भार एका बाजूला न्यावा लागतो आणि पावले जमिनीवर रोवावी लागतात. बसल्या जागी तोल सांभाळण्याचा हा उत्तम सराव आहे. फुगा फुटल्याच्या आवाजाने स्मृतिभ्रंश असलेले रहिवासी घाबरू नयेत म्हणून प्रशिक्षिका त्यावर पातळ कापडाची खोळ चढवतात, ही दक्षता मला विशेष आवडली.

सुरक्षिततेच्या बाबतीत या सेवेला मी पूर्ण गुण देईन. व्हीलचेअरचे ब्रेक लावले आहेत का, पाय ठेवण्याच्या पट्ट्या वर केल्या आहेत का, प्रत्येकाचे तळवे जमिनीला टेकले आहेत का, हे पाहिल्याशिवाय सत्र सुरू होत नाही, आणि उभे राहताना ज्यांचा रक्तदाब उतरतो त्यांना उठण्यापूर्वी काही वेळ पाय हलवत बसवले जाते.

रहिवाशांना तयार करण्याची त्यांची पद्धत मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. त्या कोणालाही ओढून आणत नाहीत. खोलीच्या दारात उभ्या राहून नावाने, अहो-जाहो करत निमंत्रण देतात आणि नकार मिळाला तर तो मान्य करून पुढच्या वेळी पुन्हा येतात. एक निवृत्त गृहस्थ पहिली पाच सत्रे दाराजवळ बसून केवळ गुण लिहीत होते. तेही काम त्यांना मानाने दिलेले होते. सहाव्या सत्रात त्यांनी वही शेजाऱ्याच्या हाती दिली आणि स्वतः खुर्ची पुढे सरकवली. कोणता खेळ आधी घ्यायचा, कोणते गाणे लावायचे, हेही रहिवासीच ठरवतात. १९७६ साली अमेरिकेत एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका वृद्धनिवासात केलेला प्रयोग येथे आठवतो. एका गटाला आपल्या दिनक्रमातील निर्णय स्वतः घेण्यास सांगून सांभाळायला एक रोप निवडू दिले होते, तर दुसऱ्या गटाची रोपे कर्मचारीच सांभाळत होते. पहिल्या गटातील रहिवासी अधिक उत्साही आणि सक्रिय झाल्याचे त्यात दिसून आले. निवड क्षुल्लक असली तरी ती स्वतःची असावी लागते, याचा प्रत्यय आम्हाला दर सत्रात येतो.

स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेल्या एका बाईंचा प्रसंग मी विसरू शकणार नाही. त्या प्रश्नांना उत्तरे देत नाहीत. मोठे गोल कापड सर्वांनी काठाला धरून लाटांसारखे हलवण्याचा एक खेळ असतो. तो संपल्यावर कापडाचे टोक त्यांच्या हातात राहिले आणि त्यांनी ते काठाला काठ जुळवत, सुरकुती काढत, घडीवर घडी घालत नीट आवरले. शब्द हरवले तरी वर्षानुवर्षे केलेल्या कामाची हातांना असलेली आठवण पुष्कळदा टिकून राहते. त्या दिवसापासून प्रशिक्षिकांनी कापडाची घडी घालणे हाच सत्राचा शेवटचा खेळ केला आणि त्याची सुरुवात त्या बाईंकडे सोपवली.

आता उणिवांविषयी. एका प्रशिक्षिकेमागे अठरा रहिवासी ही संख्या जास्त आहे. ज्यांना कमी ऐकू येते ते मागे पडतात आणि फुगा चपळ माणसांतच फिरत राहतो. दहा-बारांचा गट योग्य ठरेल. सुरुवातीच्या महिन्यात प्रत्येकाच्या छातीवर सोनेरी चांदणी चिकटवून लहान मुलांसारखे कौतुक केले जाई. आईने ती चांदणी लगेच काढून खुर्चीच्या हाताखाली चिकटवली. मी हे लक्षात आणून दिल्यावर ती प्रथा थांबली, याबद्दल मी प्रशिक्षिकांचा आभारी आहे.

याहून गंभीर उणीव व्यायामाच्या मात्रेची आहे. खेळात खुर्चीतून पाच वेळा उठायचे असते. पहिल्या आठवड्यात पाच वेळा आणि बाराव्या आठवड्यातही पाचच वेळा. स्नायूंची ताकद वाढायची तर त्यांच्यावरचा भार क्रमाने वाढवावा लागतो, आणि नव्वदीतही ती वाढू शकते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या, मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतील अभ्यासात वृद्धनिवासातील सुमारे नव्वद वर्षांच्या दुर्बल रहिवाशांनी आठ आठवडे देखरेखीखाली भार उचलण्याचा व्यायाम केला, आणि तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. फुगा माणसाला खुर्चीच्या काठावर आणून बसवतो, हे त्याचे मोठे काम आहे. पण तेथून पुढे घोट्याला बांधायचे हलके वजन, थोडी कमी उंचीची खुर्ची, एखादी जास्त उठबस असे टप्पे कोणीतरी आखायला हवेत. तीस सेकंदांत माणूस खुर्चीतून किती वेळा उठतो, हे मोजायला खुर्ची आणि घड्याळाखेरीज काहीच लागत नाही, तरीही अशी मोजणी प्रारंभी झाली नाही. त्यामुळे प्रगती किती झाली हे आज कोणालाच आकड्यांत सांगता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ज्येष्ठांनी तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. ही सेवा दोनच दिवसांची असल्याने उरलेला भार निवासातील काळजीवाहकांवर येतो, आणि त्यांना या खेळांचे कोणतेही प्रशिक्षण दिले गेलेले नाही. सत्र नसलेल्या दिवशी फुगा कपाटात बंद असतो, हे पाहून मला वाईट वाटते.

आई आता मागचे केस स्वतः विंचरते. याचे सारे श्रेय मी खेळांना देणार नाही, कारण तिची फिजिओथेरपीही चालू होती; परंतु सत्राच्या दिवशी ती वेळेआधी तयार होऊन चष्मा पुसून बसते, हे श्रेय निःसंशय या सेवेचे आहे. आम्ही काही कुटुंबीयांनी ती आणखी तीन महिने चालू ठेवण्याची लेखी विनंती केली असून गट दोन भागांत विभागावा, पहिल्याच दिवशी उठबशीची मोजणी करून ती नोंदवावी आणि दोन काळजीवाहकांना खेळ शिकवून कपाटाची किल्ली त्यांच्याकडे द्यावी, अशा तीन मागण्या त्यात केल्या आहेत. मोजणीची मागणी मान्य झाली आहे. उरलेल्या दोन्हींवर पुढील आठवड्यात निवासाच्या व्यवस्थापकांशी बोलणे ठरले आहे.