मिरजेतल्या एका कॅथलॅबची टावी सेवा: झडप बसल्यावर गळती कशी मोजतात?

सांगली, जत, आटपाडीच्या पेशंटला टावीसाठी (छाती न उघडता, नळीतून महाधमनीच्या तोंडाशी नवी झडप बसवणं) पुणे-मुंबईच गाठावी लागते, असं आता राहिलं नाही. मिरजेतल्या ज्या कॅथलॅबबद्दल हे लिहितोय तिचं नाव देत नाही, कारण खाली सांगितलेले दोष इतर लॅबमध्येही सर्रास दिसतात. आणि परीक्षण एकाच गोष्टीचं आहे: झडप बसवून झाल्यावर कडेची गळती किती भरवशानं मोजतात.

ही झडप टाके घालून शिवत नाहीत, ती नुसती दाबून बसते. कॅल्शियमची गाठ मध्ये आली, माप लहान निवडलं किंवा झडप जास्त वर वा खाली बसली, की कडेनं रक्त मागे येतं. टावीच्या ‘पार्टनर’ या मोठ्या चाचणीचे 2012 सालचे दोन वर्षांचे निकाल सांगतात की सौम्य गळती असलेल्यांतही मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. त्यामुळे ‘थोडी आहे, चालेल’ हे मोजल्याशिवाय म्हणायचं नसतं.

प्रेशरची मांडणी इथे चांगली आहे. एक पिगटेल (टोकाला वेटोळं असलेली बारीक नळी) डाव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, दुसरी महाधमनीत, आणि दोन्ही ट्रेसिंग एकाच वेळी पडद्यावर. एकच नळी ओढून दोन आकडे घेण्याचा आळस नाही. दोन्ही ट्रान्सड्युसर (प्रेशर मोजणारे सेन्सर) एकाच क्लॅम्पवर, छातीच्या मध्यावर लावलेले असतात. ही बाब क्षुल्लक वाटते, पण नाही. गळतीच्या इंडेक्सचा हिशोब असा: महाधमनीच्या डायस्टोलिकमधून (खालच्या प्रेशरमधून) जवनिकेचं एंड-डायस्टोलिक, म्हणजे आकुंचनाच्या अगदी आधीचं प्रेशर वजा करायचं, सिस्टोलिकनं (वरच्या प्रेशरनं) भागायचं आणि 100 नं गुणायचं. समजा डायस्टोलिक 60, एंड-डायस्टोलिक 20, सिस्टोलिक 140. इंडेक्स येतो 28.6. आता जवनिकेचा ट्रान्सड्युसर एकटाच 10 सेंटिमीटर खाली घसरला, तर 20 च्या जागी 27 च्या वर दिसतं आणि इंडेक्स 23 वर येतो. धोक्याची रेषा 25 ची, त्याखाली गळती जास्त समजतात. म्हणजे क्लॅम्प सैल असल्यानं एखाद्याची झडप विनाकारण पुन्हा बलूननं फुगवली जाईल, आणि त्यात झडपेभोवतीची रिंग फाटण्याची किंवा हार्ट ब्लॉकची (हृदयातला विद्युत संदेश अडण्याची) जोखीम आलीच. नळीत बुडबुडा राहिला तर ट्रेसिंग गुळगुळीत होतं. म्हणून नळी फ्लश करून झीरो घेणं (सेन्सर शून्यावर आणणं), आणि टेबल वर-खाली केलं की पुन्हा झीरो, हे इथले टेक्निशियन न सांगता करतात.

खरी तक्रार पुढे आहे. झडप बसवण्याआधीचं ट्रेसिंग इथे सेव्हच करत नाहीत. वर्षानुवर्षं अरुंद झडपेशी झगडून जवनिका ताठ झालेली असते. अशा पेशंटचं एंड-डायस्टोलिक आधीच 25 असू शकतं. गळती नसतानाही इंडेक्स कमी दिसणार. म्हणूनच नंतरच्या इंडेक्सला आधीच्या इंडेक्सनं भागतात, उत्तर 0.60 च्या खाली गेलं तर काळजी. आधीचा आकडाच नसेल तर भागणार कशाला?

दुसरी तक्रार घाईची. झडप बसवताना हृदय मुद्दाम फार वेगानं धडधडवतात (रॅपिड पेसिंग), ते थांबल्या-थांबल्या प्रेशर अजून सावरलेलं नसतं, तेवढ्यात आकडा लिहिला जातो. नंतर नाडी 50 वर आली की डायस्टोलिक आपोआप खाली जातं. अशा वेळी दोन प्रेशरमधला फरक नाडीनं भागून 80 नं गुणायचा असतो. रिपोर्टवर नाडीच नसते, मग तेही करता येत नाही. नायटिनॉलची (आपोआप उघडणाऱ्या धातूच्या जाळीची) झडप तर पुढे आणखी उघडते, तिच्यासाठी दहा मिनिटं थांबलं तर बिघडत नाही.

डायचा शॉट ठीक. सुमारे 20 मिली, पिगटेलचं टोक झडपेच्या जरा वर. टोक पाकळ्यांत अडकलं तर खोटी गळती दिसते, ते इथे पाहून घेतात. पण प्रतवारी डोळ्यांनीच करतात, सेलर्सची 1964 सालची पद्धत. डायची घनता मोजणारं सॉफ्टवेअर नाही. तशा सॉफ्टवेअरच्या मोजणीत 17 टक्क्यांच्या वरची गळती सौम्यपेक्षा जास्त धरतात.

इको मात्र या लॅबची सगळ्यात जमेची बाजू. शॉर्ट-ॲक्सिसमध्ये (झडप गोल दिसणाऱ्या आडव्या छेदात) झडपेच्या खालच्या कडेलाच कट घेऊन गळतीनं परिघाचा किती भाग व्यापलाय ते मोजतात: 10 टक्क्यांच्या आत सौम्य, 30 किंवा जास्त तीव्र, मधली मध्यम. दोन-तीन धारा असतील तर बेरीज करतात, सगळ्यात मोठी एकच धरत नाहीत. छातीवरच्या इकोत मागची बाजू झडपेच्या सावलीत लपते, म्हणून प्रोब तिरका करून पुन्हा बघतात. ताठ वायर आत असताना मधून येणारी धार लिहून घेत नाहीत, वायर काढून मगच ठरवतात. मोठ्या शहरांतही एवढी शिस्त दर वेळी दिसत नाही.

एवढं करून डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘मायल्ड एआर’ (सौम्य गळती) एवढंच येतं. परिघाचे टक्के नाहीत, प्रेशर नाही, नाडी नाही. महिन्यानं गावाकडच्या डॉक्टरांनी इको केला तर तुलना कशाशी करायची? नातेवाइकांनी निघण्याआधी ट्रेसिंगचा प्रिंट आणि इकोच्या क्लिप पेनड्राइव्हवर मागून घ्याव्यात. मागितल्यावर नाही म्हणत नाहीत.