सिलनायलॉन टार्पच्या शिवणीला सिलिकॉन : एका पावसाळ्यानंतर

सिलनायलॉन म्हणजे सिलिकॉन मुरवलेलं नायलॉन. त्याच्या तीन बाय तीन मीटरच्या टार्पच्या (तंबूऐवजी डोक्यावर ताणायच्या कापडाच्या) शिवणी पाणी गळू नये म्हणून मी मे महिन्यात घरीच सिलिकॉनने बंद केल्या. जून ते ऑक्टोबर हा टार्प राजमाची, पाचनई आणि भीमाशंकरकडे मिळून अकरा रात्री वापरला, त्यामुळे आता खात्रीने लिहितोय.

कापड कधीच गळत नव्हतं, गळायची ती माथ्यावरची शिवण. हे कापड साधारण दीड मीटर पन्ह्याचं असल्याने मोठ्या टार्पला मधोमध जोड येतोच. गेल्या वर्षी राजमाचीला रात्री दोन वाजता टॉर्च मारून पाहिलं, तर टाक्यांच्या रांगेत थेंब धरत होते. एक थेंब दुसऱ्याला मिळायचा, मग शिवणीवरून घरंगळत झोळ पडलेल्या जागी येऊन थेट स्लीपिंग बॅगवर टपकायचा.

तेव्हा एका दुकानदाराच्या सांगण्यावरून पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) सीलरची, म्हणजे शिवण बंद करायच्या लेपाची, ट्यूब लावली होती. दोन ट्रेकमध्ये ती नखाने सालपटासारखी निघाली. सिलिकॉन मुरवलेल्या कापडावर सिलिकॉनच धरतं, दुसरं काही नाही. आतून पीयूचा थर असलेल्या टार्पला मात्र त्या बाजूने पीयूचंच सीलर हवं, म्हणून आधी आपलं कापड ओळखा.

या वेळी हार्डवेअरमधून पारदर्शक, शंभर टक्के सिलिकॉन आणलं (अ‍ॅक्रिलिक मिसळलेलं नको) आणि रंगाच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाइन. प्रमाण एक भाग सिलिकॉनला दोन भाग टर्पेंटाइन. काचेच्या बरणीत आधी नुसत्या गुठळ्या होतात. ढवळत राहिलं की पातळ मधासारखं होतं. टार्प गच्चीवर चांगला ताणून बांधला, कारण ताणावर सुईची भोकं उघडतात आणि मिश्रण आत उतरतं. बारक्या ब्रशने बाहेरून लावलं, ओघळ लगेच कापडाने पुसले. व्हिनेगरसारखा वास डोक्यात जातो, म्हणून हे काम उघड्यावर आणि आगीपासून लांबच करा. चोवीस तास वाळू दिलं आणि शिवणीवर टाल्कम पावडर चोळली, नाहीतर घडी आपसात चिकटते.

माथ्याच्या शिवणीतून पावसाळाभर एक थेंब आला नाही. जुलैत पाचनईला रात्रभर झड होती, तेव्हा पाणी आलं ते कोपऱ्यातल्या दोरीच्या फाशांपाशी. तिथले टाके मी सोडले होते, ते सोडू नका. पहाटे आतून सगळा टार्प ओला दिसला, पण शिवणीवर बोट फिरवलं तर ती बाकीच्या कापडाइतकीच ओली. म्हणजे ते आपल्याच श्वासाचं आणि धुक्याचं दव होतं. नायलॉन भिजलं की सैल पडतं, म्हणून झोपायच्या आधी दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. त्यावर सिलिकॉनचा इलाज नाही.

वजन ५२० ग्रॅमवरून ५४८ झालं, ते मला चालतं. ऑक्टोबरच्या शेवटी पाहिलं, तर जिथे नेहमी घडी पडते तिथे सिलिकॉनची चार बोटं लांबीची कड सुटायला लागली आहे. बरणीतलं उरलेलं मिश्रण केव्हाच घट्ट झालं, तेव्हा येत्या मेमध्ये तेवढ्यासाठी ताजं कालवणार आहे.