बोलका स्पीकर, पण स्वतःची तब्येत दिव्यानं सांगतो

माईक किती, आवाज केवढा, गाणी कोणकोणती, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. मी लिहितेय ते स्मार्ट स्पीकरच्या म्यूटच्या, म्हणजे माईक बंद करायच्या बटणाबद्दल. मला अजिबात दिसत नाही, एकटी राहते, आणि हाक मारली की बोलणारा हा स्पीकर वापरून वर्ष होत आलंय. लिहायला मुहूर्त लागला तो कस्टमर केअरशी जुंपली म्हणून.

धूळ पुसताना कुणाचा तरी हात लागला असणार. संध्याकाळी हाक मारली तर ढिम्म. फोनवर नेट व्यवस्थित, वीज आहे, प्लग घट्ट. केला फोन.

"मॅडम, वरच्या रिंगचा रंग कोणता दिसतोय?"

"दिसत नाही हो मला. म्हणून तर हा घेतलाय."

"मग घरात दुसऱ्या कुणाला विचारता का?"

पुढचं संभाषण लिहीत नाही.

2014 मध्ये ॲमेझॉनचा एको आला तोही असं रंगीत कडं घेऊनच. निळं म्हणजे ऐकतोय, लाल म्हणजे माईक बंद, पिवळं म्हणजे निरोप आहे. आवाजावर चालणारी वस्तू, आणि स्वतःबद्दल काही सांगायचं असलं की दिवा लावते! म्यूट असताना माईकच बंद, त्यामुळे "तू म्यूट आहेस का" विचारून उपयोग नाही. खासगीपणासाठी ते योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मधूनमधून एखादा बीप द्यायला काय जातं? बटण दाबताना टुणकन वाजतं खरं, पण ते दाबणाऱ्याला ऐकू जातं, मी तेव्हा दुसऱ्या खोलीत. त्यात माझ्या स्पीकरची चारही बटणं हाताला सारखीच लागतात.

या रागातच ॲपची सेटिंग्ज उचकत बसले. (ॲप वेगळाच ताप. फोनची स्क्रीन वाचून दाखवणारा टॉकबॅक काही ठिकाणी नुसतं "बटण, बटण" म्हणतो, कसलं ते नाही.) तिथे ॲक्सेसिबिलिटीत एक पर्याय सापडला: ऐकायला लागल्यावर एक टोन, ऐकून झाल्यावर दुसरा. मुळात बंद ठेवलेला! तो चालू केला आणि माझं मत बरंच बदललं. आधी अर्धा वेळ मी भिंतीशी बोलतेय की स्पीकरशी, हेच कळायचं नाही. नेट गेलं तर तो तसं बोलून सांगतो. म्हणजे हाक मारूनही टोन आला नाही आणि वीज असली, तर बहुतेक म्यूटच. त्या बटणावर फेल्टचा एक तुकडा चिकटवलाय, बोट बरोबर तिथेच जातं. फुकटात काम झालं. हे कंपनीला कारखान्यात का जमू नये?

बाकी मशीन कामाचं आहे, हे कबूल. ओल्या हातांनी फोनची स्क्रीन नीट चालत नाही, इथे हात लावायचाच नाही. नावं देऊन दोन-तीन टायमर एकदम लावता येतात, कोणता वाजला ते तो सांगतो. सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र दिव्यांची. डोळस पाहुणे येतात, दिवे लावतात, तसेच ठेवून जातात, आणि मला पत्ता नसतो. आता स्मार्ट बल्ब जोडलेत. "हॉलचा दिवा चालू आहे का?" असं विचारते आणि बंद करायला लावते. बिलाची काळजी मिटली.

बोलण्याचा वेग तेवढा वाढवून घ्या. स्क्रीन रीडरची भरधाव बडबड ऐकायची सवय असलेल्याला याचं मूळचं बोलणं रटाळ वाटतं. औषधाच्या आठवणीवर मात्र विसंबू नका. माझा दोनदा सांगतो आणि गप्प बसतो, तेव्हा आपण बाथरूममध्ये असलो तर संपलं. त्यासाठी मी गजर लावते. तो बराच वेळ वाजत राहतो, आणि आधी लावलेला असला तर नेट नसतानाही वाजतो.

घेणार असाल तर स्क्रीनवाल्या महाग मॉडेलवर पैसे घालवण्याआधी विचार करा, मला तरी साधा पुरतोय. आणि दुकानात गाणं ऐकत बसण्यापेक्षा डब्यातून बाहेर काढायला लावून म्यूटचं बटण हातानं चाचपून बघा.